म्याडमनं घेतलेला चहा

तिचं मराठी दोनच शब्दांचं होतं. 'चहा नको'. या दोन शब्दांनी तिनं माझी जितकी पंचाईत केली, तितकी तिच्या अख्ख्या इंग्रजीनं केली नाही.

जालन्यात मस्तगडला एका मारवाडी शेठजींच्या कापडदुकानावर माझा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास आहे. मुंबईतल्या कुणा ओळखीच्या पत्रकारानं तिला माझा नंबर दिला, आणि एका दुपारी साठीला टेकलेली एक परदेशी बाई जिना चढून वर आली. तिची हयात लढायांच्या बातम्या देण्यात गेली होती. कुठल्याशा शहरात अगदी जवळ बॉम्ब पडला होता, तेव्हापासून तिचा डावा कान कामातून गेला होता. त्यामुळे मला कायम तिच्या उजव्या बाजूनं चालावं लागायचं. उजवीकडं बाभळीचे काटे असले तर काट्यांतून.

आपल्या भागात लढाईची बातमी द्यायला काय ठेवलंय, असं मलाही वाटलं होतं. पण होतं. परदेशात गोदामात काम आहे असं सांगून एका एजंटानं काही पोरं नेली होती. तिथं पोचल्यावर त्यांच्या अंगावर वर्दी चढवून त्यांना थेट लढाईवर धाडण्यात आलं होतं. टेंभुर्णीच्या पुढं एका गावातला एक मुलगा त्यात होता. घरी मोसंबीची बाग, आई, वडील, आणि पलीकडच्या गल्लीत आईचा भाऊ, म्हणजे मुलाचा मामा. मुलाचा फोन यायचा बंद झाला होता. तिला त्या घरी जायचं होतं आणि माझं काम बोलणं इकडून तिकडं करायचं, एवढंच होतं. एवढंच, असं ती म्हणाली होती.

पहिल्याच दिवशी आमचं बिनसलं. तिनं वडिलांना विचारलं, "मुलाशी शेवटचं बोलणं कधी झालं?" मी ते मराठीत विचारलं. वडील बोलायला लागले. मी कुठल्या गावचा, माझी सासुरवाडी कुठली, सासऱ्याचे साडू टेंभुर्णीच्या बाजारात आडतीवर असायचे ते तेच का, हे सगळं झालं. मग यंदा बागेला पाणी कसं पुरवलं ते झालं. मग ते म्हणाले, "आखाडीच्या आधी झाल्तं बोलणं."

मी तिला सांगितलं, "आषाढाच्या आधी."

"ते इतका वेळ बोलत होते," ती म्हणाली. "आणि तू मला दोन शब्द देतोस?"

"बाकीचं तुमच्या कामाचं नव्हतं."

"माझ्या कामाचं काय आहे ते मी ठरवीन. समजावून सांगू नकोस, गाळू नकोस. जे बोलतील ते दे."

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं दिलं. सासऱ्याचे साडू दिले, आडत दिली, बागेतली ठिबकची नळी उंदरानं कुरतडली ते दिलं. ती शांतपणे सगळं लिहून घेत होती. माझी जिरवायला ती लिहीत होती की खरंच तिला ते हवं होतं, हे मला आजही माहीत नाही.

आणि चहा. जाऊ त्या घरी कपबशी पुढं आली की ही हात जोडून "चहा नको." तिचं म्हणणं असं, की काम चालू असताना ज्याचा चहा घेतला त्याला अवघड प्रश्न विचारता येत नाही. हा तिचा तीस-चाळीस वर्षांचा नेम होता. आता हे मी गावात कुणाला कसं सांगू? आपल्याकडं घरचा चहा नाकारला की माणसाला लागतं. त्याच्या मनात नको नको ते येतं. आपल्या हातचं चालत नाही का, इथपर्यंत जातं. मग मी प्रत्येक घरी सांगायचो, "म्याडमचं पोट बिघडलंय." आणि तिच्या वाटचाही कप मीच प्यायचो. चार दिवसांत मला जळजळ सुरू झाली आणि गावात तिचं पोट हा काळजीचा विषय झाला. मुलाची आई तिला पदराच्या टोकात बांधून ओवा द्यायला लागली.

"हे काय?" तिनं विचारलं.

"तुमच्या पोटासाठी."

"माझ्या पोटाला काय झालंय?"

मी म्हटलं, "ते मी गाळलं होतं."

तेव्हा ती हसली. पहिल्यांदाच. मग लॉजवर परतल्यावर तिनं मला समोर बसवून मोसंबी सोलून दिली आणि म्हणाली, "माझ्या सगळ्या दुभाष्यांत तू सर्वांत वाईट आहेस." तिचे दुभाषे देशोदेशी होते. त्यातले काही आता नाहीत, हे तिनं फोड तोंडात टाकता टाकता सांगितलं आणि विषय बदलला. मी मोसंबी खात राहिलो. मैत्री व्हायला काही फार लागत नाही. दोन तापट माणसं एका गाडीत रोज कोंडली की भांडण तरी होतं नाहीतर मैत्री. आमची दोन्ही झाली.

त्याच मुक्कामात मला अंबडकडून चुलतभावाचा फोन आला. "काका सिरीयस हैत. जल्दी निघा." मी ड्रायव्हरला गाडी वळवायला लावली आणि वाटेत थांबून हार घेतला. ती हाराकडं बघत राहिली.

"आजारी माणसाला हार?"

"काका गेलेत."

"फोनवर तर सिरीयस म्हणाले. तो शब्द मला कळला."

मग मला समजावून सांगावंच लागलं. गेल्याचं फोनवर कुणी सांगत नाही. माणूस दूर असतो, गाडीत असतो, एकटा असतो. त्याला तिथपर्यंत पोचायचं असतं. म्हणून सिरीयस म्हणायचं. सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. दारात बसलेली माणसं दिसली की मग रडायचं, कारण तोवर सावरायला चार हात जवळ आलेले असतात.

"म्हणजे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे खोटं बोलतात," ती म्हणाली.

"खोटं नाही. प्रवासापुरती सोय."

तिला ते पटलं नाही. तिनं लढायांत पाहिलं होतं की आशा वाईट. जो निरोप गोल गोल येतो त्याच्यावर माणसं वर्षानुवर्षं दारात बसून राहतात. म्हणून तिचा दुसरा नेम होता. असली बातमी द्यायची तर उभ्यानं, पहिल्याच वाक्यात, स्वच्छ शब्दात. मला तो कसायाचा नेम वाटला आणि मी तसं बोललोही.

निघायच्या दिवशी मुलाच्या आईनं तिला हाताला धरून आत नेलं. मी पुरुष, मला ओसरीवरच थांबावं लागलं, आणि दुभाषा बाहेर, बोलणं आत, असा प्रकार झाला. आत काय चाललंय ते मी भिंतीपलीकडून विचारत होतो आणि दोघींपैकी एकीलाही माझी गरज दिसत नव्हती. बाहेर आल्यावर तिच्या हातात मुलाची लोकरीची टोपी होती. आई उंबऱ्यात उभी राहून मला म्हणाली, "सर, बाईला सांगा. तिकडं लई थंडी ऱ्हाती म्हनं. त्याला हुडकून ही टोपी द्या म्हनावं. अन् काय असंल ते खरं सांगा."

मी सगळंच्या सगळं दिलं. काही गाळलं नाही.

काही महिन्यांनी ती परत आली. मी तिला विमानतळावर घ्यायला गेलो. गाडीत बसल्या बसल्या, उभ्यानं नाही पण पहिल्याच वाक्यात, तिनं मला सांगितलं की मुलगा मेला आहे. त्याच्याबरोबर असलेल्या दोघा जणांना ती वेगवेगळ्या ठिकाणी भेटली होती आणि दोघांनी तेच सांगितलं होतं. देह मिळालेला नव्हता आणि मिळणारही नव्हता. टोपी तिच्या पिशवीत तशीच होती. तिला ताबडतोब गावात जायचं होतं आणि आईवडिलांना स्वतः सांगायचं होतं.

मला एकच दिसत होतं, ते म्हणजे दुपारच्या वेळी वडील बागेत, घरात आई एकटी, आणि ही दारात उभी राहून पहिलं वाक्य बोलणार. मी मामाला फोन लावला. "दाजींला बागेतून घरी बोलवा. चार मानसं बसवा. पोरगं सिरीयस हे म्हनून सांगा." मामा पलीकडून म्हणाला, "बराबर हे, सर. या तुम्ही."

फोन ठेवला तर ती माझ्याकडं बघत होती. तो शब्द तिला कळत होता.

"तू त्यांना सांगितलंस."

"नाही सांगितलं. तयारी करायला सांगितली."

"त्या बाईनं माझ्याकडून खरं मागितलं होतं. तुझ्याकडून नाही."

मी काहीतरी तिखट बोललो. तीही बोलली. जाफराबाद रोडला लागेपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो, आणि खड्डा आला की दोघंही ड्रायव्हरवर ओरडत होतो.

अंगणात माणसं बसली होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. वडील ओट्यावर डोकं धरून बसले होते. म्हणजे निरोप पोचला होता, जसा पोचायला हवा तसा. मला मनातून हायसं वाटलं. आई मात्र उभी होती. ती सरळ आमच्याकडं आली आणि तिनं हिचे दोन्ही हात धरले.

ही उभ्यानं बोलली. "तुमचा मुलगा मेला आहे. मला फार वाईट वाटतं."

मी ते दिलं. 'मेला' म्हणवेना, 'गेला' म्हटलं. पण दिलं.

बायांतून रडू फुटायला लागलं तसा आईनं हात वर केला. रडू थांबलं. तिनं माझ्याकडं नाही, हिच्याकडं बघत विचारलं, "बाई, तू डोळ्यानं पाह्यलं का?"

मी विचारलं. ही म्हणाली, "नाही. मी स्वतः पाहिलेलं नाही. दोघांनी सांगितलं आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे."

सगळंच्या सगळं दे, असं मला ठणकावून सांगितलेलं होतं. मी म्हणालो, "न्हाई. त्यांनी सोता पाह्यलं न्हाई. दोघांनी सांगितलं, अन् त्यांचा त्या दोघांवर इस्वास हे."

"मंग?" आई म्हणाली. तिनं भावाकडं बघितलं. "तुला तर सिरीयस म्हनले ना फोनवर? तूच सांगून राह्यलास आल्यापासून. सिरीयस मानूस बरं बी व्हतं."

त्या आईनं जन्मात असले निरोप कितीतरी ऐकले असतील, स्वतः पाठवलेही असतील. सिरीयस म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण तिच्या हाती दोन गोष्टी लागल्या होत्या, एक माझी आणि एक हिची. माझी एकटी असती तर ती रडली असती. हिची एकटी असती तरी रडली असती. दोन्ही जोडून तिनं मुलगा जिवंत केला.

मग ती आत गेली आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला.

ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून आणतात. अंगणातल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. एक जाऊ आत जायला उठली आणि परत बसली. आई ताटात कप मांडून बाहेर आली. साखर जास्त, आलं ठेचून, चांगला दुधाचा चहा, पाहुण्यांना करतात तसा. ती कुणाकडं न बघता सरळ हिच्यासमोर आली आणि कप पुढं केला.

सगळं अंगण बघत होतं. हा चहा घेतला तर या घरात कुणी गेलेलं नाही. नाकारला तर गेलेला आहे, आणि मग त्या कपासमोर ती माउली कोसळली असती, आणि कोसळायलाच हवी होती. ही नाकारेल अशी माझी पक्की खात्री होती. हयातीत तिनं कामावर कुणाचा चहा घेतला नव्हता. दोन शब्द, तिचे स्वतःचे, रोजचे. मी वाट बघत राहिलो.

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. आणि कप घेतला. माझ्या देखत तिनं तो पिऊन टाकला, शेवटपर्यंत.

मग वडिलांनी घेतला. मामानं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि घेतला. मग सगळ्यांनी घेतला. मीही घेतला, दुसरं काय करणार होतो.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आज नाही म्हणणं मला जमलं नाही. इतकं क्रूर मला होता येत नाही." मी तिला चहा म्हणजे काय होता ते सांगितलं. तिनं ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. आम्ही एका मोसंबीच्या बागेच्या कडेला उतरलो.

"तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणाला होता, समजावून सांगू नकोस."

"मी तुझ्याकडं बघितलं होतं. मुद्दाम बघितलं होतं."

"मग तुम्ही पाहिलं म्हणून का नाही सांगितलंत? एक 'हो' म्हटलं असतं तर आज ती रडून मोकळी झाली असती."

"जे मी पाहिलं नाही ते मी पाहिलं म्हणू?"

"इथं म्हणायचं असतं."

"आणि तुला सिरीयस कुणी म्हणायला सांगितलं होतं?"

याला अंत नव्हता. तिचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि बरोबर असून काही उपयोग नव्हता याचाच मला संताप येत होता. आजही येतो. परत फिरून जाऊ, असं ती म्हणाली. मी म्हटलं, जाऊन काय करणार, चहा परत देणार? मग तिनं पिशवीतून टोपी काढली, तिच्याकडं बघितलं आणि परत आत ठेवली. ती द्यायचीही राहून गेली होती.

ती परत गेली. नंतर दुसऱ्या एका लढाईवर गेली. फोन करते, भांडते, माझ्या जळजळीची चौकशी करते. तिला लागली तशी माझ्याही जिवाला ती गोष्ट लागून राहिली, पण बोलायला गेलो की आम्ही त्या बागेच्या कडेलाच जाऊन उभे राहतो. मुलाच्या आईचाही फोन येतो. "सर, म्याडमचा काई निरोप?" मी म्हणतो, अजून नाही. सणावारी मी तिकडं जातो तेव्हा ती मला चहा देते. मी पितो. त्या घरात कुणी काही करत नाही, ना दहावा, ना वर्षश्राद्ध. मुलाच्या फोटोला हार नाही. गावात कुणाची हिंमत नाही.

मागच्या महिन्यात वडील एकटेच माझ्या क्लासवर आले. बी-बियाणं आणायला जालन्याला जातो म्हणून घरी सांगून आले होते. वर्ग सुटेपर्यंत जिन्यावर बसून राहिले. मग समोरच्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "सर, म्याडमला एक इचारता का? कोन्या दिवशी, ते. पोराच्या आईला कळू द्यायचं न्हाई. मी गोदावरीला जाऊन पानी देऊन येईन दर सालाला. निस्तं कळलं पायजे, तिथी कोन्ती."

मी तिथंच तिला मेसेज लिहायला घेतला. तारीख विचारायची तर एक ओळ पुरली असती. पण मी बसून सगळं लिहिलं. तिथी म्हणजे काय, पाणी देणं म्हणजे काय, हे आईपासून लपवून का, तिनं चहा केला म्हणून या माणसाला चोरून कुठं जावं लागणार आहे. इतकं समजावून मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. ती जिथं होती तिथून लगेच उत्तर आलं. तारीख. आणि पुढं तिनं लिहिलं होतं, "उजाडायच्या आधी. दोघांनीही तसं सांगितलं होतं, मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. याचा काही उपयोग आहे का?"

मी वडिलांना दिलं, जसंच्या तसं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागं उलटली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. "उजाडायच्या आधी म्हंजे मंग आदल्या दिवसाचीच तिथी धरायची," ते म्हणाले. "लई उपेग झाला म्हनावं."

मी तिला तसं कळवलं. एवढ्यात खालच्या टपरीवाल्यानं, पाहुणे आलेले बघून, न सांगताच दोन कप आणून बाकावर ठेवले. वडिलांनी कपाकडं बघितलं, मग हातानं तो हळूच माझ्याकडं सरकवला.

"चहा नको, सर," ते म्हणाले.

मी दोन्ही कप तसेच खाली पाठवले.